सत्यशीला सिस्टरची कटर मशीन

नेर तालुक्यातल्या कितीतरी माणसांना अजून एक सवय आहे. सत्यशीलाबाई भगत समोरून येताना दिसल्या की त्यांचा एक हात आपोआप दुसऱ्या दंडावर जातो. त्यांत मिशीत पांढरे केस आलेले शेतकरी आहेत, पंचायत समितीचे एक माजी सदस्य आहेत, आणि ज्याच्या आवाजाला सारा बाजार वचकून असतो असा कापसाचा एक अडत्याही आहे. या सगळ्यांना लहानपणी त्यांनीच सुया टोचल्या होत्या. उपकेंद्राची नर्स म्हणून आर्णी, दारव्हा, नेर या तिन्ही तालुक्यांतली खेडी त्यांनी आधी पायी, मग सायकलवर आणि शेवटी स्कूटीवर पालथी घातली. कोणी रडो, पळो की कणगीमागे लपो, सत्यशीला सिस्टर सुई टोचल्याशिवाय परतल्या असं कधी घडलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताला काम उरलं नाही आणि तोंडाला उसंत मिळाली नाही. त्यांचे यजमान उकंडराव एसटीत ड्रायव्हर होते. साऱ्या नोकरीत त्यांनी एक अपघात केला नाही आणि घरात एक वाद जिंकला नाही. दोन्हींचं कारण एकच, असं ते सांगत: वेग कमी ठेवला. घरातही डबल बेल पडल्याशिवाय ते जागचे हलत नसत, आणि ती बेल द्यायला सत्यशीलाबाई होत्याच.

नेरला अमरावती रस्त्याच्या अंगानं वस्ती संपते तिथं त्यांचं घर. घरामागे लांबलचक मोकळी जागा आणि त्या जागेच्या कडेला सुबाभळी. आधीच्या मालकानं कुंपण म्हणून लावलेल्या चार काड्यांचं आता रान झालेलं. वैशाखात एका दुपारी वादळ सुटलं आणि त्यांतली सगळ्यांत उंच सुबाभूळ मुळासकट कलली. तिचा बुंधा कुंपणाच्या भिंतीवर टेकला आणि शेंडा शेजारच्या देवसिंग राठोडांच्या गोठ्यावर. गाय तेव्हा बाहेर बांधलेली होती म्हणून वाचली. पण गोठ्याची टिनं चेपली आणि छपराखालची आडवी लाकडी बल्ली अशी वाकली की आता मोडते का मग मोडते.

देवसिंग आणि त्यांची बायको हंसाबाई तांडा सोडून इथं घर बांधून राहिलेले, सरळ स्वभावाचे. होतं असं कधीकधी, असं देवसिंग म्हणाले. पण सत्यशीलाबाईंना असं समजून घेणारं माणूस चालत नसे. झाड आपलं, पडलं शेजाऱ्यावर, तेव्हा उचलायचं आपण आणि तेही आजच, असा त्यांनी निकाल दिला.

त्या भागात झाडं कापायची कटर मशीन असलेला माणूस एकच, दारव्हा रोडच्या तांड्यावरचा गुलाबसिंग. तो येऊन झाड पाहून गेला. उद्या पक्कं येतो, म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही. सत्यशीलाबाई रोज सकाळी त्याला फोन लावत. आधी तो उचलायचा आणि पुन्हा उद्याचं सांगायचा. नंतर उचलेनासाच झाला. त्याच्या फोनवर वाजणारं भजन त्यांना तोंडपाठ झालं. एकदा भाजी चिरता चिरता त्या तेच गुणगुणत होत्या. उकंडरावांनी ऐकलं आणि पेपरात तोंड खुपसलं.

मधल्या काळात देवसिंगांनी कुऱ्हाड चालवून पाहिली. पण बुंध्यावर घाव बसला की तिकडे टिन थडथडायचं आणि खिळे निसटायचे. दोन-चार घावांत झाडाआधी गोठाच खाली येईल असं दिसू लागलं, म्हणून थांबावं लागलं.

शेवटी एका सकाळी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, सत्यशीलाबाईंनी जाहीर केलं की गुलाबसिंग एक नंबरचा लबाड माणूस आहे आणि कटर मशीन आपण स्वतःच घ्यायची. उकंडरावांनी विचारलं, चालवणार कोण? त्यांच्याकडे बाईंनी अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी चप्पल शोधायला सुरुवात केली.

पुण्याहून मुलगा राजदीप आणि सून रुपाली यांनी फोनवरून सल्ला दिला. राजदीपचं म्हणणं, बॅटरीवर चालणारी घे, ऑनलाइन मागव, एकीला साडेचार स्टार आहेत.

"बिघडली तं तो स्टार येते का दुरुस्त करायले?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

विजेवरची मशीन त्यांनी आधीच बाद केली होती. घरातला प्लग ते सुबाभूळ एवढी लांब वायर ओढायची म्हणजे देवसिंगांची गाय त्यात अडकणार. आणि ढग नुसता दिसला तरी वस्तीतली लाइन जाते. बॅटरीचं म्हणाल तर चार्जिंग संपलं की काम थांबलं, आणि अर्धं राहिलेलं काम हा त्यांच्या दृष्टीनं आजारच होता. तेव्हा पेट्रोलचीच घ्यायची, पण लहान. हे ठरलं तसं दोघं यवतमाळच्या गाडीत बसले.

शेतीच्या अवजारांचं दुकान अंकुर नावाच्या तिशीतल्या माणसाचं होतं. त्यानं दोघांना बसवलं, पाणी दिलं आणि उकंडरावांकडे तोंड करून मशीन दाखवायला सुरुवात केली. पहिलीच काढली ती हातभर लांब पात्याची. काका, ताकद पाहिजे तर हीच न्या, अख्खं सागवान पाडेल, असं तो सांगू लागला.

उकंडरावांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी ड्रायव्हर होतो बाप्पा, पण एसटीत. या गाडीवर मी क्लीनर हाओ. मालक त्या."

अंकुरनं खुर्ची वळवली. सत्यशीलाबाईंनी पहिली गोष्ट मागितली ती वजनकाटा. शेजारच्या बियाण्यांच्या दुकानातून हुकाचा काटा आला. ज्या हातांनी आयुष्यभर झोळीत बाळं लटकवून वजनं केली, त्याच हातांनी त्यांनी ती मोठी मशीन हुकाला लावली आणि डोळे बारीक करून काटा वाचला.

"हे वर्षाचं पोरगं हाय," त्या म्हणाल्या. "कडेवर घेता येते. पण हात लांब करून धरून पाहा बरं."

मग लहान मशीन लावली. बारा इंची पातं, टाकी अर्धी भरलेली. काटा पाच किलोच्या किंचित पुढे थांबला. सत्यशीलाबाईंचा चेहरा खुलला. तीन महिन्यांचं बाळ, चांगलं अंगावर पिणारं. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून अंगापासून दूर धरली आणि अंकुरनं मागवलेला चहा येईस्तोवर तशीच धरून उभ्या राहिल्या. चहावाला दारातच थबकला.

पुढे त्यांनी अंकुरची जी तपासणी केली तशी त्याच्या लग्नाच्या वेळी सासरच्यांनीही केली नसेल. आपल्या झाडाचा बुंधा केवढा, हे त्या सुतळीनं मोजून गाठ मारून घेऊन आल्या होत्या. ती सुतळी पात्याला लावून पाहिली. चेन तुटली तर दुसरी इथंच मिळते का? दुरुस्तीचा माणूस दुकानातला की नागपूरचा? समोरची ही ढाल हाताच्या पाठीनं पुढे ढकलली की चेन थांबते म्हणता, तर थांबवून दाखवा. एकदा नाही, तीनदा. मग डोळ्यांवरचा चष्मा, आवाज अडवणारे कानावरचे डबे, जाड हातमोजे आणि डोक्यावरचं टोपलं, सगळं घेतलं. अंकुर म्हणाला, ताई, एवढं कोणी घेत नाही. त्यावर सत्यशीलाबाई म्हणाल्या की लसही आधी कोणी घेत नव्हतं.

तिथवर सगळं ठीक झालं. पण मशीन उघडायची कशी, चेन बसवायची कशी, हे दाखवायला अंकुर पुढे सरसावला तेव्हा त्यांनी त्याच्या हातातली पुस्तिका काढून घेतली आणि आपल्याला वाचता येतं असं सांगितलं. पुस्तिका तीन भाषांत होती, त्यांत मराठी नव्हती. हे त्यांच्या लक्षात आलं ते गाडी नेरच्या जवळ आल्यावर. हिंदी त्यांना चांगली येत होती, म्हणून त्या निश्चिंत होत्या.

दुसऱ्या दिवशी कामाची तयारी सुरू झाली. लुगडं नेसून चेनजवळ जायचं नाही हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी उकंडरावांची खाकी पँट काढली, कमरेला नाडी बांधली, खाली जाड बूट घातले. ट्रंकेत घडी घालून ठेवलेली आपली वर्दी अशी चालत अंगणात जाताना पाहून उकंडरावांना काय वाटलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण दारातून त्या बाहेर पडल्या तेव्हा उकंडरावांचा हात सलाम ठोकायला कपाळाकडे अर्धा गेला होता.

अंकुरनं सांगितलं होतं की या मशीनला नुसतं पेट्रोल चालत नाही, त्यात टू-टी ऑइल मिसळावं लागतं, लिटरला चाळीस मिली. बाकीचे लोक बाटलीच्या झाकणानं अंदाजे ओततात. सत्यशीलाबाईंनी कपाटातून वीस मिलीची सिरिंज काढली, सुई बाजूला केली, उजेडाकडे धरून हवेचा बुडबुडा टिचकी मारून घालवला आणि बरोबर दोनदा भरून लिटरभर पेट्रोलच्या डब्यात सोडली. मग डबा हलवला. त्यावर चिकटपट्टी लावून तारीख टाकली आणि खाली लिहिलं, 'पोटात घ्यायचे नाही.' चेनला लावायचं तेल वेगळं, त्याची टाकी वेगळी, तीही भरली.

आणि मग त्यांनी ते केलं जे कोणीच करत नाही. दुकानातून आलेली वस्तू तशीच वापरायची नाही हा त्यांचा नियम. त्यांनी बाजूचं झाकण उघडून चेन काढली, पात्याच्या खाचा कापसाच्या बोळ्यानं पुसल्या, चेनचा दात न् दात स्पिरिटनं स्वच्छ केला आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसवलं. निदान त्यांना तसं वाटलं.

सुरू होताना मशीननं फार छळलं नाही. चोक ओढलेला ठेवून त्या दोरी ओढत राहिल्या, तेव्हा एकदा फुर्र करून ती बसली आणि पेट्रोलचा वास सुटला. मग चोक आत ढकलून, थोडं थांबून, मशीन जमिनीवर पायानं दाबून दोरी ओढली तशी ती गरजली. वस्तीतली माणसं भिंतीपलीकडे जमली होती. सत्यशीलाबाईंनी आधी सराव म्हणून जमिनीवरची एक आडवी फांदी घेतली आणि तिच्यावर पातं टेकवलं.

आवाज मोठा झाला. धूर निघाला. फांदी मात्र तशीच. त्यांनी जोर दिला तसा आणखी धूर निघाला आणि सालीवर एक काळा पट्टा उमटला. लाकडाचा जळका वास साऱ्या वस्तीत पसरला.

मशीन बंद झाल्यावर उकंडराव जवळ आले, वाकून पट्टा पाहिला आणि म्हणाले, "हे लाकूड कापून राह्यली का भाजून?"

सत्यशीलाबाईंचं निदान तयार होतं. मशीन खराब, दुकानदारानं फसवलं. एसटीत पेट्रोल नेता येत नाही, म्हणून टाकी पूर्ण रिकामी झाली आहे ना, एवढंच उकंडरावांनी पाहून घेतलं. नियमाच्या बाबतीत ते अजून सेवेतच होते. पोत्यात मशीन, मांडीवर पोतं, आणि शेजारी रागानं ताठ बसलेल्या बाई, असे ते पुन्हा यवतमाळला गेले.

दुकानात त्या वेळी आर्णीकडचा शाम नावाचा एक शेतकरी नेमकी तीच लहान मशीन हातात घेऊन पाहत होता. त्याच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळी दरवर्षी कापसाच्या पऱ्हाटीवर सावली धरत होत्या. सत्यशीलाबाईंनी पोतं काउंटरवर ठेवलं आणि बोलायला सुरुवात केली. अंकुरनं दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. बाईंनी त्या मशीनची, तिच्या कंपनीची आणि एकूण विश्वास नावाच्या गोष्टीची जी झाडाझडती घेतली ती ऐकून शामनं हातातली मशीन हळूच खाली ठेवली. भाऊ, घेऊ नका, त्यांनी त्याला निक्षून सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि तो निघून गेला.

बाई श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा अंकुरनं झाकण उघडलं. एकदा पाहिलं. मग चेन काढली, उलटी केली आणि परत बसवली. वरच्या बाजूच्या दातांची धार आता पात्याच्या टोकाकडे तोंड करून होती. आधी ती मागे, हाताकडे होती. मशीन लाकूड कापत नव्हती, नुसती पाठ घासत होती.

 उकंडराव भिंतीवरचं फवारणी पंपाचं चित्र फार मन लावून पाहू लागले.

"हे तुमी आधी काहून नाही सांगितलं?" सत्यशीलाबाईंनी विचारलं. आवाज लहान झाला होता.

"बोलू कुठं दिलं ताई तुम्ही," अंकुर म्हणाला.

सत्यशीलाबाईंनी आपला नेहमीचा चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला. त्यांच्या नोकरीत एकदा एका डॉक्टरानं त्यांची चूक नसताना त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं आणि नंतर खोलीत बोलावून एकांतात माफी मागितली होती. ती माफी त्यांना कधीच पुरेशी वाटली नव्हती. त्या उठल्या आणि दुकानाबाहेर पडल्या.

रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर शाम बसला होता. त्याच्यापुढे जाऊन त्यांनी हात जोडले.

"भाऊ, मशीन चांगली हाय. चेन म्याच उलटी बसवली होती. चला, घेऊन टाका."

शाम गोंधळला. पुढच्या महिन्यात पाहू, असं काहीतरी पुटपुटला. पण ज्यांनी कणगीमागून पोरं ओढून काढली होती त्यांच्यापुढे शामचा काय पाड लागणार? पाच मिनिटांत तो पुन्हा दुकानात होता, आणि अंकुर दोघांना एकदमच चेन काढायला, घालायला आणि ताणायला शिकवत होता. चेन पात्याला बिलगलेली असावी, पण हातानं ओढली तर सरकावी. नव्यानं कापायला सुरुवात केली की ती थोडी ढिली पडते, तेव्हा थांबून पुन्हा ताणावी. पात्याचं टोक लाकडाला कधी लावू नये. मशीन उसळून अंगावर येते. खांद्याच्या वर उचलू नये. सत्यशीलाबाई या वेळी एक शब्द बोलल्या नाहीत. शामनं एक प्रश्न दोनदा विचारला तेव्हा मात्र त्यांनी त्याला दटावलं.

दुसऱ्या दिवशी सुबाभळीची पाळी आली. लहान फांद्या तर अशा उतरल्या की बाईंना स्वतःचाच हेवा वाटला. पांढरा भुसा उडत होता, देवसिंग फांद्या ओढून बाजूला करत होते, आणि थोड्या वेळानं गोठ्याची टिनं मोकळी दिसू लागली. उरला तो मधला बुंधा. एक टोक भिंतीवर, दुसरं बल्लीवर. त्यांनी वरून कापायला घेतलं. पातं अर्ध्यावर गेलं आणि बुंधा मधोमध खचून त्याच्यावर बसला. चिमट्यात बोट सापडावं तशी मशीन अडकली. इंजिन बंद केलं, ओढून पाहिलं, हलवून पाहिलं. ती हलेना.

सत्यशीलाबाई हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या. आता काय, हे त्यांना सुचत नव्हतं, आणि न सुचण्याची सवय नसल्यानं त्यांचा चेहरा फार केविलवाणा झाला होता.

तेव्हा उकंडराव उठले. कोणी बेल दिली नव्हती. घरात गेले, कॉटखाली बराच वेळ खुडबुड केली आणि एका जुन्या जीपचा जॅक घेऊन आले. तो कुठून आला होता आणि इतकी वर्षं कॉटखाली काय करत होता हे बाईंना आजही माहीत नाही. त्यांनी खाली दोन विटा रचल्या, त्यावर जॅक ठेवला आणि बुंध्याला खालून टेकू देऊन दांडा फिरवू लागले, पंक्चर काढताना फिरवावा तसा, घाई न करता. बुंधा बोटभर उचलला गेला. काप उघडला. मशीन अलगद बाहेर आली.

"आता खालून काप," ते म्हणाले. "वरून दाबून राह्यलं ते. खालून मोकळं हाय."

आणि सत्यशीलाबाईंनी, कदाचित लग्नानंतर पहिल्यांदाच, उलट काही न विचारता ते ऐकलं. जॅक थोडा सैल करून बाजूला घेतला, बाई पाय रोवून बाजूला उभ्या राहिल्या आणि खालून वर काप नेला. बुंधा दोन तुकडे होऊन धप्पदिशी खाली बसला. गोठ्याची बल्ली कुरकुरली आणि सरळ झाली.

हंसाबाईंनी 'आव, बेस' म्हणत सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि चहा दिला. बाईंच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत भुसा होता आणि त्यांना तो झटकायचा नव्हता. त्या खुशीत त्यांनी गुलाबसिंगचा विषय काढला. आता येऊ दे म्हणावं त्या लबाडाले, आणि असंच बरंच काही. हंसाबाईंनी ऐकून घेतलं. गुलाबसिंग त्यांच्या माहेरच्या नात्यातला. त्या खाली बघत म्हणाल्या की तो लबाड नाही. झाड पाहून गेला त्याच दिवशी त्याच्या पायाला मशीन लागली. नडगीवर. घरीच पडून आहे.

सत्यशीलाबाईंचा कप बशीतच राहिला.

"मंग मले सांगितलं काहून नाही त्यानं?"

हंसाबाई रिकामे कप गोळा करू लागल्या. देवसिंगही गाईकडे पाहू लागले.

त्याच संध्याकाळी, ऊन उतरताना, स्कूटीवर दोघं तांड्यावर गेले. गुलाबसिंग बाजेवर बसला होता. सत्यशीलाबाईंना पाहताच त्यानं पाय गोधडीखाली ओढला आणि एक हात दंडावर ठेवला. त्याच्या बायकोनं हळद आणि कसला तरी पाला बांधला होता. बाईंनी फडकं सोडलं. जखम हाडापर्यंत नव्हती, पण कडा लाल होत्या आणि पिवळं पाणी येत होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का, तर नाही. दवाखान्यात गेला का, तर नाही. बाजेखाली त्याची मोठी मशीन पडली होती. तिची पुढची ढाल कधीच मोडलेली आणि तिथं तार गुंडाळलेली. शेजारी त्याच्या स्लिपर.

सगळे वाट पाहत होते. उकंडरावांनी तर एक पाऊल मागेही घेतलं. पण बाईंनी जखम उकळलेल्या पाण्यानं धुतली, स्वच्छ पट्टी बांधली आणि मग शेजारी बसून विचारलं, "उद्या येतो, उद्या येतो, असं कायले सांगत होता? पाय कापला म्हणून सांगायचं."

गुलाबसिंग खाली मान घालून म्हणाला, "तुमी रागावल्या असत्या, सिस्टर."

"रागावलीच असती," त्या म्हणाल्या. पट्टीची गाठ पुन्हा एकदा तपासून पुढे म्हणाल्या, "पण आली असती."

त्याला त्यांनी तेव्हाच सरकारी दवाखान्यात नेलं. स्कूटीवर तिघं बसता येत नाही, हा नियम उकंडरावांनी सांगितला आणि ते तांड्यावरून चालत आले. वाटेत त्यांना फार बरं वाटलं, असं ते नंतर देवसिंगांना म्हणाले; आवाज नव्हता.

गुलाबसिंगच्या पायाची जखम भरायला पावसाळा उजाडला. तोवर सत्यशीलाबाईंनी मागच्या जागेतल्या बाकीच्या सुबाभळी एकेक करून उतरवल्या होत्या. पण हल्ली कापायला वेळ लागत होता. भुसाही पिठासारखा बारीक पडत होता, आणि पातं एका बाजूला ओढत होतं. त्यांनी ऑइल बदललं, फिल्टर धुतला, मशीनला दोन दिवस विश्रांती दिली. काही फरक पडला नाही. एक दिवस गुलाबसिंग थोडा लंगडत का होईना पण स्वतःच्या पायानं आला, त्यानं तो भुसा चिमटीत धरला आणि हसू दाबलं. चेन बोथट झाली होती. कापणारी चेन जाडसर कीस काढते, बोथट चेन पीठ दळते. जमिनीला घासलं की एका क्षणात धार जाते. त्यानं खिशातून गोल कानस काढली आणि एकेका दातावर, एकाच दिशेनं, सारख्याच तिरक्या कोनात दोन-दोन हात मारून दाखवले. मग कानस बाईंच्या हातात दिली. पहिल्यांदा त्यांनी दोन्हीकडे घासली. त्यानं सांगितलं, मागे आणताना उचलायची. दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा जमलं. एवढ्या वेळात त्या दोनदा त्याच्यावर डाफरल्या आणि त्याचा हात दोनदा दंडावर गेला.

त्याच्या मशीनची ढाल मात्र त्यांनी अंकुरकडून नवी बसवून आणली आणि त्याशिवाय तिला हात लावू दिला नाही. त्याच्या पायात स्लिपरऐवजी उकंडरावांचे जुने बूट आले. चष्मा लावायला गुलाबसिंग लाजत होता. बायको हसते, म्हणाला. एक दिवस लावून काम केलं तेव्हा कबूल केलं की डोळ्यांत भुसा गेला नाही तर पापणी लवत नाही आणि काप सरळ येतो. आता मोठ्या बुंध्याला तो आणि लहान फांद्यांना सिस्टर, अशी त्यांची वाटणी ठरली आहे. तारेजवळचं झाड असेल तर वायरमन येऊन लाइन बंद करेस्तोवर सिस्टर कोणाला दोरी ओढू देत नाहीत, मग मालक कितीही घाईत असो. मशीन त्या कोणाला उसनी देत नाहीत. कोणी मागायला आलं की त्या स्वतः जातात. म्हणून हल्ली फार लोक मागायला येत नाहीत.

परवा देवसिंगांच्या गोठ्यामागच्या बोरीची वाळलेली फांदी उतरवली. काम संपल्यावर हंसाबाईंनी सगळ्यांना भाकर आणि चुलीवरची वांग्याची भाजी वाढली. सत्यशीलाबाई जेवता जेवता गुलाबसिंगला चेन कशी ताणावी ते समजावत होत्या, खूप मोठ्यानं. हंसाबाईंनी त्यांना तीनदा विचारलं, भाजी वाढू का? त्यांनी लक्ष दिलं नाही. आज सगळे किती शांतपणे ऐकून घेत आहेत, याचंच त्यांना समाधान वाटत होतं. शेवटी उकंडराव उठले, हात पुसले आणि सत्यशीलाबाईंच्या कानांवरचे डबे काढून बाजूला ठेवले.